निबंधातला सत्कार समारंभ

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मानसशास्त्राच्या मॅडमनी माझा निबंध परत दिला, तेव्हा त्याच्या खाली हिरव्या शाईत एवढंच लिहिलं होतं : "सत्कार समारंभ छान झाला. कार्यक्रम कधी सुरू होणार?"

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते कौतुक वाटलं. 'छान' हा शब्द होता ना त्यात. शेजारच्या मुलीच्या निबंधाखाली तर तोही नव्हता. मग दुसरं वाक्य नीट वाचलं आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला एक विषय 'स्पेशल' घ्यावा लागतो. वर्षभर मग जवळजवळ तोच विषय. मानसशास्त्राला जागा थोड्या आणि मागणारे जास्त, म्हणून मॅडम मार्कांसोबत एक निबंधही मागायच्या. विषय सगळ्यांना एकच होता, 'आपण का विसरतो?' ज्यांचा निबंध पसंत पडला नाही त्यांना आठवड्याभरात तो पुन्हा लिहिण्याची एक संधी होती. तेही जमलं नाही, तर ज्या विषयाला जागा रिकाम्या असतील तिकडे जायचं. इतिहासाला रिकाम्या होत्या. इतिहासाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला मानसशास्त्रच हवं होतं आणि ते का, हे मला तेव्हा कुणाला धड सांगताही आलं नसतं.

आता प्रयत्न करते. आमच्या घरी माणसांबद्दल काहीही विचारलं, की एकच उत्तर यायचं, "त्याचा स्वभावच तसा हाय." स्वभाव म्हटलं की विषय संपला. पहिल्या वर्षी मॅडमच्या वर्गात बसले आणि लक्षात आलं, की इथं विषय तिथूनच सुरू होतो. स्वभाव तसा आहे म्हणजे कसा? कशावरून? आणि तुम्हाला वाटतं ते चुकीचं असेल तर कळणार कसं? असं विचारायला परवानगी असते, हेच मला नवीन होतं. माझ्या घरातून कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं, त्यामुळे परवानगी आहे की नाही हे सांगायलाही कुणी नव्हतं.

आता निबंधात सत्कार कुठून आला, ते सांगायला हवं.

गारगोटीच्या अलीकडे आमचं गाव आहे. पप्पांचा मंडप आणि साउंडचा धंदा. खुर्च्या, कनाती, माईक, भोंगे, आणि जनरेटर चालू झाला तर जनरेटर. पंचक्रोशीतल्या कुठल्याही कार्यक्रमात लोक बसतात ते आमच्या खुर्च्यांवर. मी सातवीत असताना एका कार्यक्रमाला सूत्रसंचालन करणारे गुरुजी आलेच नाहीत. पप्पा माईकची वायर जोडत होते. त्यांनी तिथूनच मला हाक मारली, "बाळ, इकडं ये. चिठ्ठी देतो, वाच. मोठ्यानं वाच." मी वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मंडपाबरोबर मुलगीही जाऊ लागली.

त्यामुळे चारचौघांत बोलण्याची एकच रीत माझ्या डोक्यात पक्की बसली. आधी स्वागत, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांची ओळख, मग शाल-श्रीफळ, मग मनोगतं आणि शेवटी आभार. पप्पांचा यातला नियम एकच. "नाव सोडायचं न्हाय कुणाचं. एक नाव सुटलं की पुढल्या वर्षी मांडव दुसऱ्याचा." हे खरंच होतं. एकदा एका गावात पोलीस पाटलांचं नाव घ्यायचं राहिलं, तर त्यांच्या भावकीतल्या तीन लग्नांना मांडव गारगोटीहून आला. आणि दुसरी गोष्ट कुणी शिकवली नव्हती, पण मला कळली होती. स्टेजवर कुणी काहीही बोललं, तरी त्यानंतर माईक हातात घेऊन म्हणायचं, "अतिशय मोलाचे विचार मांडलेत." मग ते विचार आधीच्या वक्त्याच्या अगदी उलटे असले तरी चालेल. आधीच्यांचेही मोलाचेच होते.

तर असा निबंध मी लिहिला होता. आजही त्याची सुरुवात मला पाठ आहे.

'विसरणे या अतिशय महत्त्वाच्या विषयावर देशविदेशांतील अनेक थोर मानसशास्त्रज्ञांनी आपले बहुमोल विचार मांडलेले आहेत. त्यांपैकी काही मान्यवरांचा परिचय आपण करून घेऊया.'

पुढे एकेक मान्यवर येऊन गेले. ठसा काळाबरोबर पुसट होत जातो म्हणणारे आले. नवी आठवण जुनीच्या अंगावर बसते म्हणणारे आले. आठवण डोक्यात असतेच, फक्त तिच्यापर्यंत पोचायची खूण हरवते म्हणणारे आले. व्हिएन्नाचे दाढीवाले डॉक्टर आले आणि आपण नको ते मुद्दाम विसरतो, असं सांगून गेले. मी त्यांना वयाच्या क्रमाने बसवलं होतं. प्रत्येकाला सारख्याच ओळी दिल्या होत्या, कमीजास्त नको. कुत्रा आणि घंटीवाल्या रशियन शास्त्रज्ञांचा विसरण्याशी तसा संबंध नव्हता, पण पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात ते होते. त्यांना वगळलं तर बरं दिसणार नाही, म्हणून दोन ओळी त्यांनाही. शेवटी, 'अशा प्रकारे सर्वांचेच विचार आपापल्या जागी योग्य असून ते आपल्या सर्वांना मार्गदर्शक ठरतील, यात शंका नाही.' आणि त्याखाली एक रेघ सोडून, 'धन्यवाद.'

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले. मॅडम डबा खात होत्या. मी दाराशी उभी राहिले, तर म्हणाल्या, "ये. सत्कारवाली ना तू?"

मी मान हलवली.

"बस. वाचताना मला सारखं वाटत होतं, आता कुणीतरी नारळ आणेल." त्यांनी माझ्यापुढे डब्यातली शेंगदाण्याची चटणी सरकवली. "घे. आता एक सांग. तुझं काय म्हणणं आहे?"

"कशाबद्दल मॅडम?"

"विसरण्याबद्दल."

मी विचार केला. खरंच केला. "माझं काही म्हणणं नाही मॅडम."

"मग हा निबंध कुणी लिहिला?"

"मीच."

"म्हणणं नसताना?"

माझ्या तोंडात चटणी होती, त्यामुळे गप्प राहायला कारण मिळालं. मॅडमनी रुमालाला हात पुसले. "अगं, या लोकांची आपापसांत भांडणं आहेत. एक म्हणतो, वेळ गेला म्हणून विसरलं. दुसरा म्हणतो, वेळाचा काही संबंध नाही, मध्ये दुसरं काहीतरी शिकलास म्हणून विसरलं. ही माणसं आयुष्यभर भांडली. आणि तू त्यांना एका स्टेजवर बसवून सगळ्यांना शाली घातल्यास."

"पण मॅडम, एवढ्या मोठ्या माणसांत कोण बरोबर नि कोण चूक, हे मी कसं ठरवणार?"

"बघून," त्या म्हणाल्या. "मोठी माणसं म्हणाली ते राहू दे. तू कुठलंतरी एक विसरणं स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग त्याच्याबद्दल एक वाक्य लिही. फक्त एक. अट एवढीच, की त्या वाक्याला कुणीतरी 'नाही' म्हणू शकलं पाहिजे. ते वाक्य सापडलं की बाकीचा निबंध आपोआप लिहावा लागतो."

सोपं वाटलं. संध्याकाळी हॉस्टेलवर मी ते करूनही टाकलं. माझी रूममेट शिरोळकडची. घरी ऊस, ट्रॅक्टर आणि चार चुलते, त्यामुळे वाद घालण्याचा सराव तिला पाळण्यापासून. कंडक्टरशी, मेसच्या मावशींशी, आणि समोर कुणी नसेल तर मोबाइलमधल्या बाईशी ती भांडायची. 'नाही' म्हणायला यापेक्षा चांगलं माणूस मला कोल्हापुरात मिळालं नसतं.

ती नुकतीच मेसमधून आली होती. कोल्हापूरकडच्या बऱ्याच मुलींसारखी तीही स्वतःबद्दल बोलताना मुलग्यासारखंच बोलायची. "मी जेवलो बाई," म्हणत कॉटवर आडवी झाली. मी म्हटलं, "ऐक. 'विसरणे ही एक नैसर्गिक प्रक्रिया आहे.' याला नाही म्हण."

"हाय की मग नैसर्गिक. न्हाय कशाला म्हणू?"

"बरं. 'माणूस अनेक कारणांमुळे विसरतो.'"

"व्हय."

"'विसरण्याचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत.'"

ती उठून बसली. "ए, ह्यात भांडायला काय हाय? कुठं धरायचं ह्याला? हे म्हणजे मेसची आमटी हाय. डाळ हाय का म्हणलं तर हाय, पण दिसत न्हाय."

मी आणखी काही वाक्यं केली. एकेक वाक्य ऐकून ती 'व्हय' म्हणत गेली आणि शेवटी तिलाच स्वतःचा राग आला. "तुझ्यामुळं मी आज सकाळपास्नं पहिल्यांदा कुणाचंतरी सगळं ऐकून घेतलो," म्हणाली आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

शनिवारी मला गावी जायचंच होतं. दूध संस्थेचा कार्यक्रम होता, सर्वांत जास्त दूध घालणाऱ्यांचा सत्कार. मांडव आमचा, माईकवर मी. एसटीत बसून मी 'नाही' म्हणता येईल असं वाक्य शोधत होते आणि गाव येईपर्यंत एकही सापडलं नव्हतं. सोमवारी निबंध द्यायचा होता. मी मनात इतिहासाच्या वर्गात एक बाक निवडूनही ठेवला होता, खिडकीजवळचा.

कार्यक्रम सुरू झाला. ज्यांनी आमच्याकडचे कार्यक्रम पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं, की इथं सूत्रसंचालकाने सगळ्यांची नावं घेतली म्हणून भागत नाही. बोलायला उठणाऱ्या प्रत्येकाने भाषणाच्या सुरुवातीला स्टेजवरच्या सगळ्यांची नावं पुन्हा घ्यायची असतात. तीही तोंडपाठ, मान वळवून एकेकाकडे बघत. दहा जण बोलले तर दहा वेळा. खाली बसलेले लोक तोवर तंबाखू मळून घेतात. मीही लहानपणापासून त्या वेळात पाणी पिऊन घ्यायचे.

त्या दिवशी मी पाण्याची बाटली उघडली आणि तशीच थांबले. व्हाइस चेअरमन बोलायला उठले होते. नावं घेत घेत ते रांगेच्या मधोमध आले. तिथं एकाच भावकीतले तिघे शेजारी शेजारी बसले होते. तिघांचं आडनाव एक, तिघांच्या डोक्याला पांढरी टोपी, तिघांच्या नावाच्या शेवटी 'राव'. व्हाइस चेअरमननी पहिल्याचं नाव घेतलं, तिसऱ्याचं घेतलं आणि पुढे गेले. मधले राहिले. मधले म्हणजे कोण, तर व्हाइस चेअरमनचे सख्खे व्याही. यांची मुलगी त्यांच्या घरात दिलेली.

व्याह्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. गावात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

मी निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्टेजवरच्या खुर्च्या काढल्या. पुढचे वक्ते म्हणजे शाळेतले गुरुजी उठले, त्यांनी तिघांतल्या पहिल्यांना सोडलं. त्यानंतरच्यांनी एकाचंच नाव दोनदा घेतलं आणि एकाला गाळलं. मी ज्या खुर्चीचं नाव सुटेल तिच्यावर फुली मारत गेले. मुख्याध्यापक सगळी नावं नीट घेऊन गेले, तेव्हा मला चक्क वाईट वाटलं. कार्यक्रम संपला तेव्हा कडेच्या खुर्च्या कोऱ्या होत्या आणि मधल्या तीन खुर्च्या फुल्यांनी भरल्या होत्या. सत्कार ऐकताना माझी छाती धडधडली असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आभार मानायला उठले तेव्हा मी त्या तिघांची नावं आधी घेतली, हे मात्र कबूल करते. धंदा आपला आहे.

लोक गेल्यावर मी आणि पप्पा खुर्च्या एकात एक घालत होतो. मी विचारलं, "पप्पा, व्हाइस चेअरमन व्याह्यांचं नाव कसं विसरले?"

"विसरतंय कोण?" पप्पा म्हणाले. "मुद्दाम सोडलंय."

"व्याह्याला कोण मुद्दाम सोडतं? मुलगी आहे त्यांच्या घरात."

"म्हणूनच की. लग्नात मानपानावरनं झालतं. ते अजून डोक्यात हाय."

व्हिएन्नाचे दाढीवालेच आमच्या मांडवात खुर्च्या उचलतायत, असं मला वाटलं. पण मी हातात पत्रिका धरून होते. "मग त्यांनी सरपंचांचं नाव का घेतलं? सरपंचांशी तर त्यांचं बोलणंही नाही. दोनदा घेतलं."

"टोमणा म्हणून घेतलं. दोनदा घेतलं म्हंजे काय, कळत न्हाय तुला?"

"आणि त्यानंतर गुरुजींनी पहिल्यांना सोडलं ते?"

"त्यांचं शाळेच्या भिंतीवरनं हाय."

"आणि मुख्याध्यापकांनी सगळी नावं घेतली ती?"

पप्पांनी खुर्ची ठेवली आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बदली करून पायजे त्यांना. सगळ्यांची गरज हाय."

पप्पांचं सगळं बरोबर वाटत होतं. पण मग माझ्या लक्षात आलं, की नाव सोडलं तरी पप्पा बरोबर आणि नाव घेतलं तरी पप्पा बरोबर. व्हाइस चेअरमन स्टेजवरून पडले असते, तरी पप्पा बरोबरच ठरले असते. रूममेट माझ्या वाक्यांना म्हणाली होती तेच इथंही होतं. धरायचं कुठं? मी म्हटलं, "पप्पा, मला असं वाटतं..." आणि थांबले. त्यांच्यासमोर 'मला असं वाटतं' हे मी माईकवरसुद्धा कधी म्हटलेलं नव्हतं.

"काय वाटतंय?"

"ती तिघं सारखी दिसतात आणि शेजारी बसवली म्हणून नावं सुटतात. मुद्दाम नाही."

"शाळा शिकून हे शिकलीस व्हय?" पप्पा हसले. रागावले नव्हते, पण संपवून टाकलं त्यांनी. "माणसं वळखायला मांडव घालावं लागत्यात, बाळ. धर, तिकडनं कनात धर."

मी कनात धरली. पण परत येताना एसटीत मी मोबाइलवर एक वाक्य लिहिलं. 'स्टेजवरची नावं विसरली जातात ती वेळ गेल्यामुळे नव्हे आणि रागामुळेही नव्हे, तर सारखी माणसं शेजारी बसवल्यामुळे.' त्याला नाही म्हणणारं एक माणूस तर मी नुकतंच घरी सोडून आले होते.

हॉस्टेलवर पोचल्याबरोबर रूममेटला वाक्य ऐकवलं. तिने एक क्षणही घेतला नाही.

"न्हाय."

"काय?"

"न्हाय म्हणलो. आमच्याकडं सुटतंय ते शेवटाकडचं नाव. तंवर जेवणाचा वास आलेला असतोय. सारखी माणसं, बिरखी माणसं, काय न्हाय."

मी तिला मिठी मारली.

"अगं, मी न्हाय म्हणलो आणि तू नाचायलीस? डोस्क्यावर पडलीस का काय?"

मग लिहायला बसले. सगळ्यात अवघड गेला तो पप्पांचा परिच्छेद. 'माझे वडील या मताशी सहमत नाहीत' इथपर्यंत ठीक होतं. पुढे 'परंतु त्यांचे विचारही आपल्या जागी योग्य आहेत' हे हाताने आपोआप लिहिलं. खोडलं. 'त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही,' असं केलं. त्यातला 'पूर्णपणे' मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसला. कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा, जा म्हणता येत नाही आणि बस म्हणता येत नाही. शेवटी तोही काढला. 'त्यांचे म्हणणे मला पटत नाही. कारण नाव घेतले काय आणि सोडले काय, त्यांचे म्हणणे खरेच ठरते. जे कशानेही खोटे ठरू शकत नाही, त्याने मला काही कळत नाही.' हे लिहून मी उठले आणि व्हरांड्यात जाऊन आले. असं वाक्य मी वडिलांबद्दल लिहीन, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण त्यात अनादर शोधला तर तोही सापडेना. त्यांचं मत मी दोन वेळा तपासून, त्यांच्याच शब्दांत मांडलं होतं. पहिल्या निबंधातल्या थोर मान्यवरांपैकी एकालाही मी तेवढं लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं.

वेळ गेल्यामुळे का नाही, तेही लिहिलं. ही माणसं एकमेकांना लहानपणापासून ओळखतात आणि थोड्याच वेळापूर्वी माईकवरून त्यांची नावं ऐकलेली असतात. पुसट व्हायला वेळच कुठं होता? कुत्रा आणि घंटीवाल्यांना मात्र या वेळी बोलावलं नाही. निबंध पहिल्यापेक्षा बराच लहान झाला. खाली 'धन्यवाद' लिहिलं नाही. पान संपल्यासारखं वाटेना, म्हणून नुसती एक रेघ मारली.

सोमवारी मॅडमनी तो माझ्यासमोरच वाचला. मी उभी. पंखा फिरत होता आणि त्यांच्या टेबलावरचे बाकीचे निबंध फडफडत होते. त्या वाचताना एकदा हसल्या, बहुतेक टोपी झटकण्यापाशी. मग पेनचं टोपण लावून म्हणाल्या, "मला पटलं नाही."

माझ्या डोळ्यांसमोर इतिहासाच्या वर्गातला तो बाक आला.

"तुझे तिघे सारखे होते हे खरं. पण ते मधोमधही होते. रांगेच्या मधली गोष्ट तशीही विसरली जाते, पहिली आणि शेवटची लक्षात राहते. आपण तिसऱ्या धड्यात शिकलोय. मग नावं सारखेपणामुळे सुटली की मध्ये बसल्यामुळे, हे तुला कसं कळलं?"

'तुमचंही बरोबर आहे मॅडम,' हे माझ्या ओठांवर आलं. अगदी ओठांवर. तेवढं म्हणून मला तिथून सन्मानाने निघता आलं असतं. मी ते गिळलं. मॅडमनी मला मदत केली नाही, हे त्यांचे मला उपकार वाटतात.

"नाही कळलं मॅडम," मी म्हटलं. "पण... कळून घेता येईल."

"कसं?"

"त्या तिघांना एकत्रच ठेवायचं, पण कडेला बसवायचं. तरी सुटले तर सारखेपणा. नाही सुटले तर मधली जागा. आणि दुसऱ्या कार्यक्रमाला तिघांना लांब लांब बसवायचं."

"आणि हे तुला कोण करू देणार?"

"खुर्च्या आमच्याच आहेत मॅडम."

मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या, की पलीकडच्या टेबलावरचे इतिहासाचे सर वर बघायला लागले. "अजून एक," त्या म्हणाल्या, "एका कार्यक्रमावरून एवढं ठाम बोलायचं नाही. 'असं दिसलं' म्हणायचं. पण ते शिकवता येतं. म्हणणंच नसलं तर मला काही शिकवता येत नाही." त्यांनी निबंध माझ्या हातात दिला. "स्पेशलला ये. प्रोजेक्ट हाच घे. पहिल्या तासाला मला सांग, जागा बदलल्यावर काय झालं."

मी 'धन्यवाद' म्हणाले. इथं ते चालत असावं.

जिना उतरून खाली आले आणि पप्पांना फोन लावला. मागे हातोड्याचा आवाज येत होता, म्हणजे कुठंतरी मांडव उभा राहत होता.

"मिळालं पप्पा. मानसशास्त्र मिळालं."

"मिळालं? अरे वा!" मग फोन बाजूला करून कुणालातरी ओरडून सांगितलं, "पोरीला मिळालं बघा!" तिकडून कुणीतरी विचारलं, "काय मिळालं?" पप्पा म्हणाले, "ते... डोस्क्याचं." परत मला म्हणाले, "काय लिहिलं हुतंस एवढं?"

आता सांगावं की नको, असं झालं. पण पुढचं काम त्यांच्याशिवाय होणार नव्हतं. "आपला शनिवारचा कार्यक्रम लिहिला. आणि तुमचं म्हणणं लिहिलं. मुद्दाम सोडतात ते."

"मग! म्हणूनच मिळालं."

"ते चुकीचं आहे असं लिहिलं, पप्पा."

हातोड्याचा आवाज थांबला नाही, पप्पांचा थांबला. मी घाईने पुढे बोलत गेले. अजून नक्की ठरलेलं नाही, माझंही चुकीचं असू शकतं, ते तपासायचं आहे, आणि त्यासाठी जत्रेच्या कार्यक्रमात त्या तिघांना स्टेजच्या कडेला बसवायला लागेल.

"कडेला?" पप्पा म्हणाले. "टोप्या घातलेली माणसं कडेला? मानाच्या जागेवरनं उठवू त्यास्नी? अगं, मांडव पेटवतील माझा!"

"मग चेअरमनना हलवू. तिघं तिथंच राहू देत, बाकीचे एका बाजूला सरकवू. म्हणजे तिघं आपोआप कडेला येतात. मान जात नाही, खुर्ची तीच राहते."

पप्पा डोक्यात स्टेज मांडत होते, हे मला इकडे कळत होतं.

"चेअरमनची बाजू मग माईकजवळ येती," ते सावकाश म्हणाले. "त्यांना चालंल. आवडंलच." मग एकदम आवाज चढला. "पण तरीबी सांगतो, मुद्दामच सोडत्यात! तू कडेला बसीव न्हायतर झाडावर बसीव."

"मग सुटतात का ते बघू की."

"बघू की!" ते म्हणाले, आणि तिकडे कुणीतरी त्यांना हाक मारली, खांब सरळ धरा म्हणून. मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"हातात खांब हाय," पप्पा म्हणाले, "पण कानाला फोन हाय. चुकीचं म्हंजे कसं, ते पहिल्यापास्नं सांग."

मी कॉलेजच्या पायरीवर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.